छोट्या मास्कची मोठी यातायात

मी ग्रामीण रुग्णालयात लेबर रूमला असते. एनएसएसके, म्हणजे नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम, २००९ पासून चालू आहे. त्यात जन्मताच न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा ते शिकवतात. पण बदली सिस्टर मिळाल्याशिवाय आमच्याकडे कुणाला प्रशिक्षणाला सोडत नाहीत, म्हणून माझा नंबर उशिरा लागला.

प्रशिक्षण दोनच दिवसांचं. झकास झालं. बाहुलीवर हात बसेपर्यंत मॅडमनी कुणाला चहालाही सोडलं नाही. अंबू बॅगेचा, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या फुग्याचा, मास्क बाळाच्या नाका-तोंडावर घट्ट बसला नाही की हवा बाजूने फुस्स करते आणि छाती वर येतच नाही. हे नुसतं वाचून कळत नाही. "दाब, दोन, तीन" म्हणत मिनिटाला ४० ते ६० वेळा बॅग दाबायची. बाळ रडलं नाही तर पुसणं, मान सरळ ठेवणं, गरज असेल तर आधी तोंड मग नाक साफ करणं, पाठ चोळणं, तरीही श्वास नसेल तर बॅग. हे सगळं पहिल्या मिनिटात. उलटं धरून चापट्या मारणं बंद, हे आमच्या मावशींना पटवायला त्याहून जास्त वेळ गेला, पण तो विषय वेगळा.

परत येऊन ट्रे उघडला. अंबू बॅग ठीक, मास्क एकच, तोही कडेला चिरलेला. पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबरचा लागतो, कमी दिवसांच्याला ० नंबरचा. दोन्ही मागितले. स्टोअरचं म्हणणं, "जुना निर्लेखित झालाय का?" म्हणजे कागदोपत्री बाद झालाय का. मग म्हणे, रजिस्टरला नोंद बॅगेची आहे, सुटा मास्क देता येत नाही, अख्खी बॅग मागा. मागितली. "बॅग सुस्थितीत असताना दुसरी कशासाठी?" असा शेरा मारून कागद परत! अधीक्षक साहेबांच्या सहीने पुन्हा पाठवला, तेव्हा मास्क आला. मोठ्या माणसाचा. बाळाचा अख्खा चेहरा आत जाईल एवढा.

"सिस्टर, मास्क मागितलात, मास्क दिला. सही करा."

"यात बाळ बसवू का, भाऊ?"

मी सही केली नाही. स्टोअरचे भाऊ मास्क टेबलावर ठेवून निघून गेले.

तोवर बाळंतपणं काय थांबतात? शेजारच्या आरोग्य केंद्रातल्या ताईंना फोन केला, त्यांनी एक मास्क उसना दिला, त्यावर भागवलं. शेवटी साहेबांनी रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून दोन्ही नंबर बाहेरून घेतले. हा रस्ता पहिल्याच दिवशी मोकळा होता, पण स्टोअरमधल्या एकानेही सांगितला नाही. तुम्ही तिथूनच सुरुवात करा.

प्रत्येक बाळंतपणाआधी बॅगचं तोंड तळव्याने बंद करून दाबून बघा, झडप उघडल्याचा आवाज आला पाहिजे. बाळाला ऊब देणारा वॉर्मर आधीच चालू करा, पंखा बंद, खोली २५ अंशांच्या खाली नको. आणि प्रशिक्षणाचा अर्ज देतानाच तुमच्या जागी कोण थांबणार तिचं नाव लिहा, म्हणजे "बदली कुठाय" हा प्रश्नच येत नाही.

तो मोठा मास्क अजून आमच्याकडेच आहे. परत करायला वेगळा फॉर्म लागतो म्हणे.