ऑर्चर्ड स्ट्रीटची चाळ

न्यूयॉर्कला जाऊन मी तिकीट काढून चाळ बघितली, हे कळल्यावर आई म्हणाली, "त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?"

लोअर ईस्ट साइडमधली ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट ही १८६३ची इमारत म्हणजे आजचं टेनेमेंट म्युझियम. ३२५ चौरस फुटांत तीन खोल्या, धड उजेड फक्त रस्त्याकडच्या खोलीत. १८९०च्या दशकात इथल्या एका बिऱ्हाडात लेव्हाइन कुटुंबाचं शिवणकाम चाले. पोलंडहून आलेलं ज्यू जोडपं, पोरं, आणि त्यांतच कामगार. सगळे यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, बोलणारे. इंग्रजीचा गंध नसताना बोटीतून उतरलेल्याला काम मिळे ते या गल्लीमुळेच. पण मालकही आपल्यातलाच. तो आणखी दोन तास बस म्हणाला तर नाही कसं म्हणणार? भाषा येत नाही, गल्लीबाहेर विचारतो कोण! गाइडने हे जरा गोड करून सांगितलं. माझं लक्ष मात्र शेगडीवरच्या इस्त्रीकडे. ऑगस्टच्या उकाड्यात त्या खोलीत काय होत असेल?

एकाच गावच्या लोकांची इथे मंडळं असत, 'लांड्समनशाफ्ट'. आजारपणात मदत, अडीनडीला कर्ज, दफनभूमीत जागा. मला आजोबांची गिरणगावातली गावकीची खोली आठवली: भिंतीशी वळकट्या, आणि गिरणीत चिकटवायला गाववालाच. पण आजोबा शिमग्याला, गणपतीला गावी जात. इथल्या बहुतेकांनी परतीची वाटच ठेवली नव्हती.

तिथून चालत ईस्ट ब्रॉडवेला गेलो. 'फॉरवर्ड' या समाजवादी यिडिश दैनिकाची १९१२ची दहा मजली इमारत बघायची होती. १९०६पासून त्यात 'बिंटेल ब्रीफ' सदर येई. वाचकांनी संसारातली गाऱ्हाणी लिहायची, संपादकाने सल्ला द्यायचा. १९०९मध्ये तर बेसबॉल कसा खेळतात हे मैदानाच्या आकृतीसकट छापलं होतं, यिडिशमध्ये! गल्लीबाहेर पडायची शिकवणी गल्लीच्याच भाषेत. दर्शनी भिंतीवर मार्क्स आणि एंगल्स कोरलेत. आत आता महागडे फ्लॅट. बिचारे.

जवळच एल्ड्रिज स्ट्रीटवर १८८७चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि भोवती चिनी पाट्याच पाट्या. वस्ती तीच, बिऱ्हाडं बदलली. भूक लागली म्हणून एका डम्पलिंगवाल्याकडे शिरलो. गल्ल्यावरच्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं, मी चित्रावर बोट ठेवलं. मागच्या टेबलावर गृहपाठ करणारी मुलगी मान वर न करता इंग्रजीत म्हणाली, "पाच की आठ?"