वेटसूटच्या आतला थर: आतापर्यंतच्या चाचण्यांची नोंद

स्कूबा डायव्हिंगसाठी, म्हणजे हवेचे सिलिंडर घेऊन पाण्याखाली बुडी मारण्यासाठी, वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा, आत थोडे पाणी शिरू देणारा रबरी पोशाख) लागतो. त्या सूटची जाडी ठरवून झाल्यानंतर या टप्प्यावर मी त्याच्या आत, त्वचेलगत काय घालावे याकडे वळले आहे. निरनिराळे थर आलटून पालटून वापरून पाहिल्यावर माझे मत एका मुद्द्यावर स्थिरावले आहे: आतला कपडा स्वतः किती उबदार आहे, यापेक्षा तो सूटमधल्या पाण्याची हालचाल किती रोखतो, हे अधिक महत्त्वाचे आहे.

त्यामागचे कारण सूटच्या रचनेत आहे. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने शरीराची उष्णता ओढून नेते आणि वेटसूट ती रोखतो तो निओप्रीन या फेसासारख्या रबरात बंदिस्त असलेल्या वायूच्या सूक्ष्म बुडबुड्यांच्या जोरावर. आत शिरलेले पाणी आपल्याच शरीराच्या उष्णतेने तापते. ते जागेवर राहिले तर फारसे नुकसान होत नाही, पण मान, मनगटे, घोटे आणि पाठीवरची झिप यांतून ते निसटून त्याच्या जागी सतत गार पाणी येत राहिले, तर शरीराला तीच मेहनत पुन्हा पुन्हा करावी लागते. त्यातच 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट आणि 30 मीटरवर चौपट होतो, बुडबुडे दबतात आणि सूट पातळ होतो; म्हणजे जिथे पाणी बहुधा अधिक गार असते, तिथेच त्याची ऊब राखण्याची क्षमता घटलेली असते.

सुरुवात लायक्रामिश्रित नायलॉनच्या लांब बाह्यांच्या रॅशगार्डने, म्हणजे त्वचा घासू नये म्हणून घालायच्या पातळ, घट्ट सदऱ्याने केली. त्याने ऊब जवळजवळ वाढत नाही, हे स्पष्टपणे नोंदवते. तरीही तो मी सोडणार नाही, कारण ओलसर सूट अंगावर चढवणे त्याच्यामुळे पुष्कळ सोपे होते, काखेत आणि मानेवर शिवण घासत नाही, आणि सूट भाड्याचा असेल तर आपली त्वचा व तो सूट यांच्यामध्ये आपला स्वतःचा धुतलेला कपडा राहतो. पाणी 27 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल आणि सूट 3 मिलिमीटरचा असेल, तर मला एवढे पुरते. सुती टी-शर्ट मात्र कोणीही घालू नये. तो पाणी शोषून जड होतो, गोळा होऊन घड्या पाडतो आणि दोन बुड्यांच्या मधल्या वेळेत वाळत नाही.

त्यानंतर आतून मऊ लव असलेला पॉलिप्रॉपिलीनचा थर वापरून पाहिला. जमिनीवर असे कापड ऊब देते ते तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे, आणि सूटमध्ये पाणी शिरताच ती हवा निघून जाते. सैल सूटमध्ये या लवेने पाण्याचे फिरणे थोडे कमी झाल्याचे जाणवले. घट्ट बसणाऱ्या सूटमध्ये मात्र रॅशगार्डपेक्षा वेगळे काही जाणवले नाही. बोटीवर ओला सूट कमरेपर्यंत उतरवून बसल्यावर हा थर अंगाला गार लागत नाही, हा त्याचा खरा फायदा आहे.

सर्वात मोठा फरक पडला तो हूड (डोके आणि मान झाकणारी टोपी) जोडलेल्या, बिनबाह्यांच्या 2 मिलिमीटर निओप्रीनच्या बनियनने. यात बंद बुडबुडे असल्यामुळे तो भिजल्यावरही ऊब राखतो. पण माझ्या मते त्याची खरी किंमत मानेपाशी कळते. हूडचा खालचा भाग सूटच्या कॉलरखाली सपाट बसला की मानेतून पाठीवर उतरणारी गार पाण्याची धार थांबते, आणि कमरेच्या मागच्या खळगीत साचून प्रत्येक हालचालीसरशी आतबाहेर होणारे पाणीही कमी होते. डोके झाकले जाते, हा लाभ वेगळाच. हात मोकळे राहत असल्याने डोक्यामागे हात नेऊन सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचता येते. पूर्ण बाह्यांच्या बनियनमध्ये मला ते जड गेले.

इथे एक सावधगिरी मनापासून सांगते. थर वाढवताना मानेवर दाब येऊ देऊ नका. मानेतल्या मुख्य धमन्यांपाशी रक्तदाब जाणणाऱ्या नसा असतात. त्यांवर सतत दाब पडला तर हृदयाचे ठोके मंदावून भोवळ येऊ शकते. म्हणून सूट आणि आतला थर यांची नवी जोडी आधी कोरड्यावर घालून पाहावी: पूर्ण श्वास घ्यावा, उकिडवे बसावे, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत. यांपैकी काहीही अडले, तर ती जोडी कितीही उबदार असली तरी पाण्यात नेऊ नये.

निओप्रीनचा थर वाढला की तरंगण्याची ओढही वाढते. लायक्राच्या रॅशगार्डने वजनपट्ट्यात (ही ओढ भरून काढण्यासाठी कमरेला बांधायच्या वजनांच्या पट्ट्यात) काही बदलावे लागत नाही; या बनियनसाठी मला साधारण एक किलो वाढवावे लागले. हे वजन सिलिंडरमधल्या हवेचा दाब 50 बारपर्यंत उतरल्यावर तपासावे, कारण भरलेले सिलिंडर जड असते आणि बुडीच्या शेवटी 5 मीटरवर स्थिर थांबता येणे हीच खरी कसोटी आहे. आता मी प्रत्येक सूट आणि आतला थर यांच्या जोडीपुढे लागलेले वजन लिहून ठेवते.

किरकोळ बाबी: आत घट्ट, सपाट शिवणीचा पोहण्याचा पोशाख असावा. सैल अर्ध्या विजारीच्या घड्या मांडीत रुततात. गाठी आणि धातूचे हूक वजनपट्ट्याखाली टोचतात. घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली लावू नये, ती रबराला घातक आहे. पाण्यात विरघळणारे वंगण चालते.

थंडी सोसण्याची सवय हे कौशल्य नव्हे, असे मला ठामपणे वाटते. वर येताना शरीर गारठलेले असेल, तर हातापायांतला रक्तप्रवाह कमी होतो आणि ऊतींमध्ये विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्याचा वेगही मंदावतो. त्यामुळे हुडहुडी भरू लागली की मी बुडी तिथेच आवरती घेते. पुढच्या टप्प्यात हाच बनियन 5 मिलिमीटरच्या सूटखाली घालून, नंतर तेवढ्याच गार पाण्यात आतल्या थराशिवाय 7 मिलिमीटरचा सूट वापरून पाहणार आहे, म्हणजे खांद्यांची मोकळीक राखून तेवढीच ऊब मिळते का, याचा अंदाज येईल.