निळं केलेलं

ढाब्यावर शेवभाजी मागवताना आपल्याकडचा माणूस तिखट किती टाका हे कधी सांगत नाही कारण जे येतं तेच त्याला पाहिजे असतं, आणि पुण्या-मुंबईचा पाहुणाही सांगत नाही कारण सांगता येतं हेच त्याला माहीत नसतं, पहिल्या घासाला नाकाडोळ्यातून पाणी आलं की मग कळतं. डिफॉल्ट सेटिंग म्हणजे हेच, आपण काही न सांगता जे मिळतं ते. ढाबेवाल्यानं कोणाकडे बघून तर्री ओतायची हा खरा प्रश्न आहे, आणि माझं म्हणणं की पाहुण्याकडे बघून ओतावी, आपला माणूस वाटी पुढे करून अजून मागून घेतोच.

हे डोक्यात यायचं कारण माझा अमळनेरचा एक मित्र. त्यानं मराठी लिहायला एक छोटासा टेक्स्ट एडिटर बनवायला घेतलाय. विप्रो १९४५ साली आमच्या अमळनेरला वनस्पती तूप आणि तेलापासून सुरू झाली, मग मी एक एडिटर नाही काढू शकत का, असं त्याचं एकदम सरळ लॉजिक आहे. बाकी सगळं त्यानं एकट्यानं ठरवलं पण मजकूर सिलेक्ट करायच्या बाबतीत काय चालू ठेवायचं, काय बंद, यावर आमचं रोज फोनवर वाजतं. तो पडला कोडिंगवाला, त्याला सगळं पाहिजे असतं. मी बोलतो रावेरकडच्या आमच्या नानांच्या वतीनं, जे रिटायर्ड मास्तर आहेत, दोन बोटांनी टाईप करतात आणि गावातल्या सप्ताहाच्या पत्रिकेपासून पाणीवाटपाच्या अर्जापर्यंत सगळं लिहून देतात. मित्राचा ठरलेला डायलॉग आहे, "तुना नाना एकलाच वापरनार शे का?"

एकटे नाही वापरणार, पण त्यांच्यासारखेच जास्त वापरणार ना भो.

लोकांना वाटतं सिलेक्ट करणं म्हणजे काय, माउस दाबायचा, ओढायचा, निळं झालं, झालं. पण एडिटरमध्ये नवा माणूस सगळ्यात जास्त मजकूर घालवतो तो इथंच. आणि ही कटकट आजची नाही. झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रात १९७४ च्या सुमाराला ब्राव्हो नावाचा एडिटर होता, त्याच्या मुख्य बनवणाऱ्यांपैकी चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन वर्डच्या मागे लागला. ब्राव्होत कमांडच्या मोडमध्ये, म्हणजे जिथं बटण दाबलं की अक्षर न उमटता हुकूम सुटतो तिथं असताना, कोणी चुकून एडिट हा शब्द टाईप केला की ई म्हणजे सगळं सिलेक्ट, डी म्हणजे डिलीट, आय म्हणजे इथे लिहायला सुरुवात, आणि उरला टी, तो स्क्रीनवर उमटायचा. अख्ख्या दस्तऐवजाच्या जागी एकटा टी! हा किस्सा तिथलाच लॅरी टेस्लर सांगायचा, आणि त्याला या मोड प्रकरणाची इतकी चीड की गाडीच्या नंबरप्लेटवर सुद्धा त्यानं नो मोड्स असंच लिहून घेतलं होतं. त्यानं आणि टिम मॉटनं मग जिप्सी नावाचा एडिटर केला, त्यात अक्षराचं बटण दाबलं की अक्षरच उमटणार, दुसरं काही नाही. कट-कॉपी-पेस्ट आज आपण ज्या तऱ्हेनं करतो ते तिथून आलं. २०२० च्या फेब्रुवारीत टेस्लर गेला.

तर पहिली गोष्ट, सिलेक्ट केलेलं दिसलं पाहिजे. हसू नका, हे पण कोणाला तरी ठरवावं लागलं. ईमॅक्स हा एडिटर, जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातला, १९८५ पासूनचा, त्यात खूण करून ठेवलेला भाग आपणहून रंगवून दाखवायचं डिफॉल्ट २००९ साली तेविसाव्या आवृत्तीत चालू झालं, त्याच्याआधी ते आपण जाऊन चालू करायचं, नाहीतर सुरुवात कुठे केली होती ते डोक्यात धरून बसायचं. शिफ्ट दाबून बाणाच्या बटणानं सिलेक्ट करणं पण डिफॉल्टला त्याच आवृत्तीपासून. मित्रानं सुरुवातीला फिकट राखाडी रंग ठेवला होता, म्हणे क्लासी दिसतो. म्हटलं एप्रिलमध्ये दुपारी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बस, स्क्रीनवर तुझं स्वतःचंच तोंड दिसेल, राखाडी कुठून दिसणार. मग गडद निळा झाला.

दुसरी गोष्ट जरा अवघड. निळं केलेलं असताना अक्षराचं बटण दाबलं तर काय व्हावं? वर्डमध्ये निळं जातं आणि त्या जागी नवीन येतं. फोनवरही तसंच. ईमॅक्सवाले इतक्या वर्षांनी अजून डिफॉल्टला तसं करत नाहीत, तिथं निळं आपल्या जागेवर राहतं आणि अक्षर बाजूला उमटतं, हवं तर सेटिंग चालू करा. मी आधी ईमॅक्सच्या बाजूनं होतो, कारण नाना निळं कशासाठी करतात ते मी बघितलंय. त्यांना काही बदलायचं नसतं, ते बोटासारखं वापरतात. कोणाला वाचून दाखवताना "हे बघ, हा परिच्छेद" म्हणून निळा करतात, मग काकू चहा घेऊन येतात, कप ठेवायला जागा करताना तळहात स्पेसबारवर पडतो आणि परिच्छेद गायब. नाना ओरडतात, "समदं कुठी गेलं रे?" आता यात त्यांचं काय चुकलं?

तरी शेवटी मी चालू ठेवायच्याच बाजूनं मत दिलं. कारण आता जो नवा माणूस येतो तो कोरा येत नाही, फोनवरून येतो, दाबून धरायचं आणि वर लिहायचं ही सवय बोटात बसलेली असते, इथं वेगळं वागलं तर त्याला वाटणार मशीन बिघडलं. पण एक अट घातली, मोठा तुकडा असा गेला की खाली एक पट्टी आली पाहिजे, इतक्या ओळी गेल्या, परत आणा, आणि ती पट्टी पुढचं अक्षर टाईप केल्यावर गायब होता कामा नये. केलेलं मागे घ्यायला कंट्रोल झेड आहेच की, असं मित्र म्हणतो. ते नानांना माहीत पाहिजे ना! "खरंच काढू का" अशी चौकट मात्र नको, ती कोणी वाचत नाही, हो दाबून मोकळे होतात.

ओढून मजकूर हलवायचं मात्र बंद, त्याच्यावर मी तडजोड करणार नाही. निळ्या मजकुरावर पुन्हा माउस दाबून ओढलं की तो उचलून दुसरीकडे ठेवला जातो, आणि वर्डसह पुष्कळ एडिटरांत हे चालू असतं. आता सप्ताहाची पत्रिका डोळ्यासमोर आणा. कीर्तनकारांची नावं, अन्नदात्यांची नावं, खाली निमंत्रकांची लांबलचक यादी, आणि त्या यादीत कोणाचं नाव कोणाच्या वर यावर गावात बैठक बसलेली असते. टचपॅडवर बोट जरा जास्त टेकलं, एक आडनाव तिसऱ्या ओळीतून उचललं जाऊन नवव्या ओळीत जाऊन बसलं, स्क्रीनवर काही गेलेलं दिसत नाही, सगळी नावं आहेत, स्पेलिंग बरोबर आहे, तीनदा वाचलं तरी कळत नाही. कळतं ते छापून वाटल्यावर, ज्याचं नाव खाली गेलं त्याच्या घरून. एवढ्यावरून चुलत भावांचं पुढच्या सप्ताहापर्यंत बोलणं बंद पडू शकतं. पुसलं गेलेलं निदान दिसतं तरी, सरकलेलं दिसतच नाही.

काहीच निळं नसताना कॉपी दाबलं तर अख्खी ओळ उचलायची, हे व्हीएस कोड नावाच्या कोड लिहायच्या एडिटरमध्ये असतं, कोडवाल्याला भारी वाटतं. नवशिक्यानं मात्र आधीच एक परिच्छेद कट करून ठेवलेला असतो, पेस्टच्या व्हीऐवजी चुकून कॉपीचा सी दाबला की तो परिच्छेद हातचा गेला. बंद.

मराठीचा मुद्दा निघाला की मित्र आणि मी एका पार्टीत असतो. शिफ्ट दाबून बाण दाबला तर 'ज्ञा' पूर्ण निळा झाला पाहिजे, त्याच्या पोटात ज, हलन्त, ञ आणि काना असे चार तुकडे आहेत हे एडिटरनं आपल्यापुरतं ठेवावं. काही ठिकाणी अर्धवट उचललं जातं आणि पेस्ट केल्यावर टिंबटिंबाच्या गोलावर एकटी वेलांटी बसलेली दिसते, बिचारी. युनिकोडनं, म्हणजे कॉम्प्युटरात सगळ्या लिप्यांची अक्षरं कशी ठेवायची ते ठरवणाऱ्या मानकानं, २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसारख्या लिप्यांसाठी जोडाक्षर एकत्र धरायचा नियम घातला, त्याच्याआधी 'क्ष' नियमानुसार दोन तुकड्यांत मोजला जायचा. पण बॅकस्पेसनं एकेक तुकडाच पुसावा, कारण वेलांटी पहिली की दुसरी यात चुकलं तर पूर्ण अक्षर परत कोण टाईप करत बसेल. म्हणजे निळं करताना अख्खं अक्षर आणि पुसताना तुकडा. ऐकायला उलटसुलट वाटतं, हाताला बरोबर लागतं. आणि दोनदा क्लिक केल्यावर 'ह.भ.प.' पूर्ण उचललं पाहिजे, पुष्कळ एडिटर टिंबावर थांबतात आणि नुसता ह हातात देतात. सप्ताहाच्या पत्रिकेत ही तीन अक्षरं किती वेळा येतात ते मित्राला सांगावं लागलं नाही, त्याचे वडील माळकरी आहेत.

विमसारखा मोडवाला एडिटर नानांना देऊच नये हे तर दोघांनाही मान्य. तिथं कीबोर्ड मराठीवर ठेवून कमांड द्यायला गेलं की ती कमांडच लागत नाही, कारण त्याला इंग्रजी अक्षर पाहिजे असतं आणि मिळतं देवनागरी.

अडलंय ते तीनदा क्लिकवर. वर्डमध्ये तीनदा क्लिक केलं की परिच्छेद उचलला जातो, कोडवाल्या एडिटरांत ओळ. मित्र म्हणतो ओळ, मी म्हणतो परिच्छेद, आणि नानांना विचारलं तर ते म्हणाले तीनदा कशाला, माझं दोनदाच वेळेत होत नाही. हे मी मित्राला कळवलं. दोन क्लिकमधला वेळ किती धरायचा ते तो आता नव्यानं बघतोय, ओळ की परिच्छेद ते नंतर.