धोटा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला तेव्हा गॅदरिंग, सहली, मैदान सगळंच डोळ्यांपुढे आलं. पण त्यावर इतर मित्र लिहितीलच. मला लिहायचंय ते आठवीतल्या इंग्रजीच्या तासांबद्दल. आज माझं पोट त्या तासांवर चालतं.

१९८४ साली मी आपल्या शाळेत पाचवीत आलो. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायची. पहिलीपासूनची इंग्रजी राज्यात आली ती २००० साली. आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले, घरात तेलुगू. सोलापूरच्या पूर्वभागातल्या आमच्या गल्लीत कन्नड आणि दखनी कानावर पडायची, शाळेत मराठी. इतक्या भाषांत वाढलेल्या पोरांना आणखी एक जड जायला नको, पण जायची. इडियम्स म्हणजे गाइडमधली यादी. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' पाठ करायचं, वाक्यात उपयोग करून मार्क मिळवायचे, विसरायचं.

आठवीला बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी गाइड दप्तरात ठेवायला लावलं आणि विचारलं, "कुणाकुणाच्या घरी माग आहे?" निम्म्याहून जास्त हात वर झाले.

"मागावर इकडून तिकडे पळतो, त्याला काय म्हणता?"

"धोटा!" अख्खा वर्ग ओरडला.

बाईंनी फळ्यावर 'शटल' लिहिलं. धोटा म्हणजे शटल. बॅडमिंटनचं शटल त्याच्यासारखंच इकडून तिकडे जातं. दोन गावांत ये-जा करणारी गाडी, तीही शटल. १९७३ च्या युद्धानंतर अमेरिकेचे किसिंजर इजिप्त, सीरिया आणि इस्रायलच्या सारख्या फेऱ्या मारत होते, त्याला वर्तमानपत्रांनी 'शटल डिप्लोमसी' म्हटलं. अवकाशात जाऊन परत येणारं यान 'स्पेस शटल'. बाई म्हणाल्या, "हे सगळं तुमच्या धोट्यातून निघालंय, पोरांनो." त्या संध्याकाळी मी मागाजवळ बराच वेळ उभा राहिलो. वडील धोट्यातली सुताची कांडी बदलत होते. रोजचाच खडखडाट, पण त्या दिवशी तो मला इंग्रजीत ऐकू आला.

मग वर्षभर हेच चाललं. इंग्लंडची श्रीमंती कित्येक शतकं लोकरीवर उभी होती, त्यांच्या लॉर्ड्सच्या सभागृहाचे अध्यक्ष आजही 'वूलसॅक' नावाच्या लोकर भरलेल्या आसनावर बसतात, मग त्यांच्या बोलण्यात सूत आणि लोकर येणारच, असं बाई सांगायच्या. बोलता बोलता मुद्दा हातातून सुटला की 'लूज द थ्रेड'. कामाची उरलीसुरली टोकं बांधून टाकायची ती 'लूज एंड्स'. आणि 'डाइड इन द वूल'. कापड झाल्यावर नव्हे, लोकर कातायच्या आधीच रंगवली की रंग आत मुरतो. आपण 'हाडाचा' म्हणतो, तसंच हे. आमच्या चादरीचंही सूत आधी रंगतं आणि मग मागावर चढतं, त्यामुळे हे फार समजावून सांगावं लागलं नाही. रंगाने हात माखलेली माणसं आमच्या घरातच होती.

एका तासाला त्यांनी 'कट युअर कोट अकॉर्डिंग टू युअर क्लॉथ' लिहिलं आणि प्रत्येकाला घरच्या भाषेत सांगायला लावलं. मराठी पोरं म्हणाली, अंथरूण पाहून पाय पसरावे. मागच्या बाकावरचा कन्नड मुलगा म्हणाला, हासिगे इद्दष्टु कालु चाचु. अंथरुणाएवढाच पाय लांब कर. उर्दू बोलणाऱ्या मित्राने सांगितलं, जितनी चादर उतने पैर. चादर म्हटल्यावर सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला, चादर तर आमचीच! मला तेलुगूतलं काही सुचेना. दुसऱ्या दिवशी आजीला विचारून आलो, पण तिने भलतंच दिलं होतं: 'अडकत्तेरलो पोकचेक्क'. अडकित्त्यात सापडलेली सुपारी. बाईंनी ते परत पाठवलं नाही. फळ्यावर लिहिलं आणि शेजारी 'बिटवीन अ रॉक अँड अ हार्ड प्लेस'. आजीचं वाक्य शाळेच्या फळ्यावर! आजीला अक्षर ओळख नव्हती. घरी जाऊन सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही, डोक्यावरून हात फिरवला फक्त.

बाईंचं दुसरं एक सांगणं मला फार मोलाचं वाटतं. वाक्प्रचार कळायला सगळे हवेत, बोलायला थोडे पुरतात. इंग्रज माणूस 'आय अ‍ॅम अफ्रेड' म्हणतो तेव्हा तो घाबरलेला नसतो, नाही म्हणण्याआधी जरा वाकतो. ते ओळखता आलं पाहिजे. मी गेली वीस-बावीस वर्षं टॉवेल निर्यातीच्या कामात परदेशी ग्राहकांशी बोलतोय, आणि इतक्या वर्षांत ती कुत्री-मांजरं मला एकाच्याही तोंडून ऐकू आलेली नाहीत. 'आय अ‍ॅम अफ्रेड' मात्र रोज. 'बॉलपार्क फिगर' दर आठवड्याला. ती अमेरिकन बेसबॉलच्या मैदानातून आली, अर्थ अंदाजे आकडा. असा आकडा मागितला की पैशापर्यंतचा हिशेब द्यायचा नसतो.

एकदा मात्र चुकलो. एका अमेरिकन ग्राहकाशी फोनवर भावाची चर्चा चालली होती. तो म्हणाला, "लेट्स टेबल धिस." माझी इंग्रजी ब्रिटिश वळणाची. तिथे टेबल करणं म्हणजे विषय चर्चेला घेणं. मी उत्साहाने भावाचं गणित मांडत सुटलो. पलीकडे शांतता. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ विषय तूर्त बाजूला ठेवणं असा होतो, हे मला नंतर कळलं. ती ऑर्डर गेली. एकाच शब्दाचे दोन किनाऱ्यांवर दोन उलटे अर्थ, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. तेव्हापासून शंका आली की सरळ विचारतो, "आत्ता बोलायचं की नंतर?" कुणी रागावत नाही.

आणि एक गोष्ट बाईंना सांगायची राहिली होती. त्यांनी आम्हाला 'ऑन टेंटरहुक्स' शिकवलं होतं, म्हणजे जीव टांगणीला लागलेला. धुतलेलं लोकरी कापड आक्रसू नये म्हणून लाकडी चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवत, त्या चौकटीचं नाव टेंटर. पण ही चौकट आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती, बाईंनीही नाही. त्यांनी खडूने काढून दाखवली होती. पुढे नोकरी लागल्यावर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कापड प्रोसेसिंगच्या कारखान्यात गेलो, तर तिथे ओलं कापड दोन्ही काठांनी पिनांवर धरून, ताणून, गरम हवेतून पुढे नेणारं लांबलचक मशीन चालू होतं. कामगार त्याला स्टेंटर म्हणत होते. स्टेंटर, टेंटर. शब्द तोच. मी पिनांकडे बघत उभाच राहिलो.

गेल्या दिवाळीत बाईंना भेटायला गेलो. आता त्यांना कमी दिसतं. मोबाइलवर त्या मशीनचा व्हिडिओ दाखवला, तर त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन दोनदा पाहिला. मग म्हणाल्या, "ती वही दे रे, टेबलावरची." आणि मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, स्टेंटर. खाली विचारलं, "पिना की आकडे?"

"पिना, बाई."

त्यांनी तेही लिहिलं.