आक्का उशिरा आली

झोप लागत नाही. कारण इतकं किरकोळ आहे की लिहायलाही अवघड वाटतंय. मी आक्काला पटवू शकलो नाही, एवढंच.

पिक्चर 'द हंट'. डॅनिश, २०१२चा, टोमास विंटरबर्गचा. बालवाडीत काम करणारा लुकास, त्याच्या जिवलग मित्राची पोरगी क्लारा, त्यानं आपल्याशी नको ते केलं असं सुचवणारं तिचं एक वाक्य, आणि त्या वाक्यावरून गावानं त्याची केलेली दशा. लुकासचं काम मॅड्स मिकेलसनचं. त्यासाठी कान महोत्सवात त्याला अभिनयाचं पारितोषिक मिळालं. इथे कोल्हापुरात शाहू स्मारकला लावलाय म्हटल्यावर सगळ्यांना मीच ओढून नेलं. आम्ही वेळेत पोचलो. आक्का गंगावेशीत अडकली. ती अंधारात चाचपडत येऊन बसली तेव्हा क्लारा बोलून मोकळी झाली होती, आणि बालवाडीच्या प्रमुख ग्रेथबाईंच्या ओळखीतला एक माणूस त्या पोरीला प्रश्न विचारत होता.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, बिचाऱ्याचं काय करून ठेवलं बघ. आक्का छत्री उघडता उघडता म्हणाली, "तुला कोण सांगितलं रे, त्यानं केलं न्हाई म्हणून?"

मला हसू आलं. मग सांगायला लागलो आणि सांगता येईना.

मला जे माहीत होतं ते सगळं तिनं न पाहिलेल्या भागात होतं. क्लाराच्या थोरल्या भावानं आणि त्याच्या मित्रानं टॅबवर तिला नको ते चित्र दाखवलं होतं. तिनं लुकासला कागदी हृदय दिलं होतं, आणि त्यानं प्रेमानंच पण ठामपणे ते परत केलं होतं. पोरगी दुखावली होती, त्याच संध्याकाळी ती ग्रेथबाईंपाशी बोलली, आणि बोलताना तिनं त्या टॅबवरच्या चित्राचे शब्द वापरले. विंटरबर्ग हे सगळं आधीच आपल्या पुढ्यात मांडून ठेवतो. मग पावणेदोन तासांहून मोठ्या त्या पिक्चरमध्ये आपण निवांत चिडतो. आपला राग स्वस्त असतो, कारण निकाल पहिल्या अर्ध्या तासातच खिशात पडलेला असतो.

आक्काच्या खिशात तो नव्हता. मी उरलेल्या पिक्चरमधला पुरावा काढायला लागलो.

म्हटलं, पोरगी नंतर आईला स्वतः सांगते की त्यानं काही केलं नाही. आक्का म्हणाली, पोरं घाबरली की शब्द फिरवतात. आता हे खरं आहे. ज्यांच्यावर खरोखर अत्याचार झालेला असतो अशी मुलंही आईचा चेहरा बघून, घरातली रडारड बघून बोललेलं मागे घेतात. ज्यांनी अशी प्रकरणं हाताळलीत ते सगळे हे सांगतील. पिक्चरमधली आईही तेच म्हणते, की तुझ्या मनाला ते आठवायचं नाहीये. आम्ही खुर्चीत बसून त्या आईवर चडफडलो. आक्काला ती शहाणी वाटली.

म्हटलं, इतर मुलांनी सांगितलं तळघरात नेलं, आणि त्याच्या घराला तळघरच नाही. आक्का म्हणाली, तळघर न्हाई म्हणजे तळघर न्हाई, एवढंच.

म्हटलं, अटक करूनही सोडला. तर म्हणाली, सोडलेले किती असतात.

म्हटलं, वर्षभरानं सगळं गाव त्याला पुन्हा घरात घेतं. "माफ केलं आसंल." आणि शेवटी रानात त्याच्यावर कुणीतरी गोळी झाडतं, चेहरा दिसत नाही, तेव्हा? "त्यालाबी पटलं नसंल," म्हणाली आणि चहाचा कप माझ्या हातात दिला.

मी ज्या विषयात गळ्यापर्यंत बुडालोय, म्हणजे शिक्षकांवरच्या अशा आरोपांच्या चौकशा, त्या विषयात मला दसरा चौकात, पावसात, एका बाईपुढे हार खावी लागली. घरी आल्यापासून तेच चाललंय डोक्यात. तिनं चुकीचा निष्कर्ष काढला असं म्हणावं तर तिच्यापुढे जेवढं आलं त्यातून तो काढता येतो. चौकशी समितीपुढेही तेवढंच येतं. पहिला अर्धा तास कुठल्याच समितीला बघायला मिळत नाही.

महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७चा कायदा आणि १९८१ची नियमावली आहे. जिल्हा परिषदेच्या गुरुजींना १९६४चे शिस्त व अपील नियम वेगळे. खासगी शाळेत आरोप लेखी कळवल्यावर शिक्षकाला खुलाशाला सात दिवस. खुलासा पटला नाही तर नियम ३६ची समिती, तीनच माणसांची: एक संस्थेचा, एक शिक्षकानं सुचवलेला कुठल्याही खासगी शाळेतला कर्मचारी, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला. निलंबन करायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, साधारण चार महिन्यांपुरतं, आणि त्या काळात अर्धपगारी रजेइतका निर्वाहभत्ता. चौकशीही शक्यतो १२० दिवसांत आटपायची असते. कागदावर छान आहे.

बिघडतं कुठे तेही ठरलेलं असतं. आरोपपत्रात नुसतं 'विद्यार्थिनींशी गैरवर्तन केले' असं एक ओळीचं वाक्य. तारीख नाही, तास नाही, वर्ग नाही, नेमकं काय केलं ते नाही. अशा वाक्याला खुलासा काय द्यायचा? शिक्षकही मग एक ओळीचाच देतो, 'आरोप अमान्य'. साक्षीदारांच्या जबाबाच्या प्रती शिक्षकाला मिळत नाहीत. उलटतपासणी 'वेळेअभावी' राहते. समितीतला एक सभासद शेवटच्या बैठकीला येत नाही आणि अहवालावर दोनच सह्या पडतात. काही ठिकाणी तर बडतर्फीचा ठराव आधी आणि समितीचा अहवाल नंतर. मग तीस दिवसांच्या आत शिक्षक शाळा न्यायाधिकरणात अपील करतो, आणि समितीची रचनाच सदोष, संधीच दिली नाही, एवढ्यावर आदेश रद्द होतो. मागच्या पगारासकट माणूस कामावर परत. पुढे उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५पासून त्याचं सर्किट बेंच इथे कोल्हापुरातच आहे, त्यामुळे मुंबईची रात्रीची गाडी पकडायची दगदग तेवढी वाचली.

पण या सगळ्यात त्यानं केलं की नाही हे ठरलं का? नाही ठरलं. सह्या दोन होत्या एवढं ठरलं. वर्गात परत आलेल्या त्या माणसाकडे स्टाफरूम कसं बघते ते वेगळं लिहायला नको. फौजदारी खटला वेगळा चालतो. तिथे वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावं लागतं, खातेचौकशीत शक्यता कुठे जास्त झुकते तेवढं बघतात, म्हणून एकीकडे सुटलेला दुसरीकडे अडकू शकतो. शिवाय मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा जो पॉक्सो कायदा, त्याच्या कलम २९मध्ये गृहीतक आरोपीच्या विरुद्ध आहे. हे सगळं आक्काला सांगायला गेलो तर ती म्हणेल, म्हणजे मी म्हणत होते तेच की.

आण्णांना फोन केला. ते म्हणाले, झोप. बरोबर आहे. पण आण्णांना 'झोप' म्हणायला काय जातंय, ते पहिल्या मिनिटापासून हॉलमध्ये होते.

पाऊस वाढलाय. उद्या पंचगंगेची पातळी... जाऊ दे.

'डाउट' आठवला. २००८चा, जॉन पॅट्रिक शॅन्लीनं आपल्याच नाटकावरून केलेला. १९६४ सालचं ब्राँक्स, चर्चची शाळा, फादरवर संशय, आणि संशय घेणारी करारी मुख्याध्यापिका. तिथे प्रेक्षकाला शेवटपर्यंत काही सांगत नाहीत. असं सांगतात की खरं काय ते शॅन्लीनं फक्त फादरचं काम करणाऱ्या नटाला सांगितलं होतं. म्हणजे तिथे हॉलमध्ये सगळेच आक्कासारखे उशिरा आलेले. तो बघताना मी कधी कुणाला 'बिचारा' म्हणालो नव्हतो. पिक्चर माणसाला किती सहज एका बाजूला बसवतो, आणि बसलेल्याला वाटतं आपण विचार केलाय.

मगाशी लाईट गेली होती, आली. पाणी पिऊन पुन्हा बसलो. आता जरा वेगळं वाटतंय. आक्का नसती आली उशिरा तर तो प्रश्न विचारण्याचा प्रसंग मी नीट बघितला नसता. ती बसल्यावर मी तिच्यासाठी हळू आवाजात काय चाललंय ते सांगत होतो, म्हणून प्रत्येक प्रश्न कानात राहिला.

तो माणूस वाईट नाही. आवाज मऊ आहे त्याचा. पण त्याच्या प्रत्येक प्रश्नात उत्तर आधीच घातलेलं असतं. पोरगी नाक उडवते, खांदे उडवते, तिला बाहेर खेळायला जायचंय. तो तेच पुन्हा विचारतो. मोठ्या माणसानं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की लहान पोराला वाटतं आपलं पहिलं उत्तर चुकलं. वर्गात पाढे म्हणताना असंच होतं ना. मग ते उत्तर बदलतं. शेवटी ती मान हलवते, आणि कागदावर जे उमटतं ते त्याचं वाक्य असतं, खाली फक्त तिची मान. ग्रेथबाई पालकसभा घेतात, लक्षणं सांगतात: वाईट स्वप्नं, अंथरूण ओलं होणं. कुठल्या घरातल्या पोराला वाईट स्वप्न पडत नाही? दुसऱ्या दिवशी सगळ्या घरांत तोच प्रश्न विचारला जातो. तळघर तिथून निघतं. अमेरिकेत मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीबाबत हेच झालं: १९८३ला तक्रार, मुलांच्या तोंडून शाळेखालची भुयारं निघाली, १९९०ला खटले संपले आणि दोषी एकही ठरला नाही.

हे आक्काला पटलं असतं. कारण हा भाग तिनं पाहिला होता.

म्हणजे मी चुकीच्या ठिकाणी भांडत होतो. 'केलं नाही' हे मला सिद्ध करता येत नाही, करायची गरजही नव्हती. 'असं विचारल्यावर कळणार नाही' एवढं त्याच प्रसंगावर बोट ठेवून दाखवता येतं, आणि ते दोन्ही बाजूंनी खरं आहे. खरोखर काही झालेलं असेल तरी अशा विचारण्यानं ते प्रकरण कोर्टात टिकत नाही, बचावाचा वकील पहिल्याच तासात त्याच्या चिंध्या करतो.

मूल पहिल्यांदा ज्याच्यापाशी बोलतं त्यानं करायचं तसं थोडंच असतं. ऐकून घ्यायचं. फार तर 'मग काय झालं ते सांग' एवढं म्हणायचं. 'त्यानं हात लावला का' असं म्हणायचं नाही. 'आठवत नाही म्हणालीस तरी चालेल' हे सांगायचं. ती गेल्यावर लगेच, तिचेच शब्द, बोबडे असले तरी तसेच, लिहून काढायचे: तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, आणि ती बोलायच्या आधी आपण काय विचारलं होतं. हे शेवटचं कुणीच लिहीत नाही आणि सगळं त्यावरच अडतं. पुन्हा विचारायचं नाही, दुसऱ्या बाईंना बोलावून 'ह्यांनाही सांग' करायचं नाही, त्या सरांसमोर उभं करायचं नाही. आणि पोलिसांना कळवायचं. मदतीला १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच. पॉक्सोच्या कलम १९प्रमाणे शंका असली तरी कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्याबद्दल कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. 'आधी आपण आतल्या आत खात्री करून घेऊ' म्हणणारी प्रत्येक संस्था इथेच फसते. खात्री करणं तिचं कामच नाही. जबाब पोलीस घेतील, शक्यतो महिला उपनिरीक्षक, गणवेश न घालता, मुलीच्या घरी, पालकांसमोर, मुलगी बोलेल त्या भाषेत.

ग्रेथबाईंनी दखल घेतली यात त्यांचं काही चुकलं नाही. पिक्चर बघताना आम्ही सगळे त्यांच्यावरच जास्त चिडलो होतो. पहिला अर्धा तास माहीत असूनही मी त्यांच्या जागी असतो तर कळवलंच असतं. कळवायलाच हवं. विचारायला मात्र तो माणूस बोलवायला नको होता, आणि पालकसभा तर नकोच.

पुढच्या महिन्यात शिक्षकांसाठी हाच पिक्चर लावायचं चाललंय आणि आधी दहा मिनिटं बोल म्हणून माझ्या मागे लागलेत. बोलणार नाही. त्याऐवजी पिक्चर मधूनच सुरू करा म्हणणार आहे: संध्याकाळ, बालवाडी रिकामी, क्लारा अंधारात एकटी बसलीये, ग्रेथबाई येतात. तिथून शेवटपर्यंत. मग दिवे लावून प्रत्येकाकडून चिठ्ठीवर लिहून घ्यायचं, तुम्ही समितीत असता तर काय अहवाल दिला असता, खाली सही. चिठ्ठ्या गोळा झाल्यावर सुरुवातीचा अर्धा तास दाखवायचा.

आण्णांना आत्ताच मेसेज टाकला. जागेच होते. म्हणाले, मास्तर लोक सही करणार नाहीत, आणि केलीच तर मागून खाडाखोड करायला चिठ्ठी परत मागतील, तेव्हा पेनं आपली ठेव आणि कार्बन लावून दोन प्रती काढ.