पंचवीस मीटर साखळी

पहाटेचे ५.४०. हे आत्ताच आडवे झालेत, ७ पर्यंत माझी पाळी. टेकडीवरचा मनोरा आणि किनाऱ्यावरचा लाल दिवा अजून एका रेषेत दिसतायत, म्हणजे बोट जागेवर आहे. दर पाच मिनिटांनी मान वर करून तेवढं बघायचं, मधल्या वेळात हे लिहायचं.

काल संध्याकाळी साडेसहाला या खाडीत शिरलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. यंत्रावर खोली ४ मीटर. पाण्यापासून नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची १ मीटर, एकूण ५. त्याच्या पाचपट नांगराची साखळी सोडायची, म्हणजे २५. आमच्या साखळीला दर ५ मीटरवर रंगाचा पट्टा आहे. मी पाच पट्टे मोजले आणि "पंचवीस!" म्हणून ओरडले, मागून सुकाणूवरून यांचं "बास!" आलं. इंजिन उलटं चालवून नांगर रुतवला, बोट थांबली, दोघंही स्वतःवर खूश. हिशोब बरोबरच होता. फक्त तो साडेसहाचा हिशोब होता.

परवा अमावास्या झाली. उधाणाचे दिवस. ओहोटीपासून भरतीला सव्वासहा तास लागतात हे आम्ही दोघंही झोपेतसुद्धा सांगू. पण रात्री पावणेएकला याच खाडीत ३ मीटर पाणी चढलेलं असणार आणि आपल्या पाचपटीची जेमतेम तिप्पट उरणार, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. साखळी आखूड पडली की ती नांगराला आडवी ओढत नाही, वर उचलते. आणि वर उचललेला नांगर म्हणजे नुसतं लोखंड.

तरी निभावलं असतं कदाचित, पण वारा फिरला. दिवसभर समुद्रावरून येणारा खारा वारा रात्री पडला आणि त्याच्या जागी जमिनीवरून मतलई वारा सुटला. मतलई वारा एरवी गरीब, पण इथे तो टेकड्यांच्या घळीतून उतरतो आणि उतरता उतरता जोर धरतो. बोट अर्धं वर्तुळ फिरली, नांगराला उलट्या बाजूने हिसका बसला आणि तो सुटला.

मला जाग आली ती आवाजाने. खडीवरून साखळी फरफटते तेव्हा बोटीच्या अंगातून एक गुरगुर येते; कानाने ऐकू येण्याआधी ती उशीला कळते. फोनवरचा अलार्म त्यानंतर वाजला. ५० मीटर सरकल्यावर वाजायचा असतो, त्याने त्याचं काम चोख केलं म्हणायचं. नशीब एवढंच, की वारा आम्हाला खडकांकडे नव्हे, मोकळ्या पाण्याकडे ढकलत होता. अर्थात तिकडे खोली वाढत जाते, म्हणजे नांगर पुन्हा रुतण्याची आशाही तितकीच कमी.

पुढची चाळीस मिनिटं. हे इंजिनवर, मी पुढे नाळेशी गुडघ्यांवर. (यांच्या पाठीमुळे पुढचं काम माझ्याकडे आलं. माझ्या गुडघ्यांना कुणी विचारलं नाही.) पहिल्या वर्षी असल्या प्रसंगी आम्ही एकमेकांवर नुसते ओरडायचो. वारा शब्द पळवतो पण सूर पोचवतो, त्यामुळे "डावीकडे घ्या" हे ऐकू यायचं नाही, पण आपल्याला मूर्ख ठरवलं जातंय हे मात्र स्वच्छ ऐकू यायचं. तीन वर्षांत तेवढं शहाणपण आलं: दिवसा हाताच्या खुणा, रात्री टॉर्च. एकदा चमकला तर पुढे, दोनदा चमकला तर गिअर काढा, तीनदा तर मागे. हातरहाटावर साखळी वर घेतली, मूळ जागी परतलो, खोली ७, नाळेचा १, एकूण ८. पाचपट ४०. मी ४५ सोडली आणि "पंचेचाळीस" म्हणून सांगितलं. यावेळी "बास" आलं नाही. "भरतीला का?" असं आलं. भरती तर तेव्हा होऊन गेली होती. पण विचारलं हे बरं वाटलं.

नंतर दोन-दोन तासांची पाळी लावली, पण यांची पाळी संपेपर्यंत मी केबिनमध्ये जागीच होते आणि माझ्या पाळीत हेही जागे असणार. आता घोरण्याचा आवाज येतोय खरा, पण त्याच्यावर माझा विश्वास नाही.

साडेदहा मीटरच्या बोटीत भांडण फार वेळ टिकत नाही, कारण रागाने निघून जायला जागाच नाही. नोकरीची सगळी वर्षं दोघांना आपापल्या चुका संध्याकाळी घरी आणून वेगवेगळ्या खोल्यांत ठेवता यायच्या. इथे चूक झाली की ती दोघांच्या मध्ये बसते, एकाच बाकावर. त्यात आमची चाल ५ नॉट, म्हणजे ताशी जेमतेम सव्वानऊ किलोमीटर. सायकलवाला मागे टाकेल. तेव्हा चूक मागे टाकून पुढे निघून जाऊ म्हटलं तरी वेळ लागतो.

काल कुणाची होती मग? मोजले मी. बास म्हणाले हे. भरतीचा तक्ता टेबलावर उघडाच पडला होता, त्याच्यावर यांचा चष्मा. मी दीड तास हे डोक्यात घोळवतेय आणि दरवेळी निकाल वेगळा लागतोय.

६.१०. उजाडलं. पाणी जवळजवळ पूर्ण उतरलंय, काठाचे खडक काळे होऊन वर आलेत. एवढ्या साखळीवर बोट लांबच लांब झुलते आहे, दुसरी एखादी बोट शेजारी आली तर तिला लांब राहायला सांगावं लागेल.

वेळ लिहायला लॉगबुक उघडलं तर यांनी आपली पाळी संपवताना रात्रीची नोंद करून ठेवलेली. नांगर सुटला १.०५, पुन्हा टाकला १.४५, साखळी ४५ मी. आणि खाली, शेऱ्याच्या रकान्यात: "भरती धरायला विसरलो."

हे विसरले, की आम्ही दोघं? मराठीत दोन्हीला 'विसरलो'च. उठले की विचारणार होते, पण आता वाटतं, नकोच.