निळ्या बॉलचं पॉलिश उतरवलं, आता २०००

निळ्या रिअ‍ॅक्टिव्ह (लेनवर जोरात वळणाऱ्या रेझिनच्या) बॉलिंग बॉलचं कारखान्यातून आलेलं पॉलिश अखेर काढलं. आमच्या हाउस शॉटवर (सेंटरमधली ऑइलची नेहमीची मांडणी: लेनच्या मध्ये जास्त, कडांना कोरडं) त्याचा काही नेम नव्हता. कोरड्या बोर्डांवर (लेनच्या अरुंद उभ्या पट्ट्यांवर) जरा बाहेर गेला की झपकन वळून हेडपिनच्या (सर्वांत पुढच्या पिनच्या) नाकावर, आणि नशिबी स्प्लिट, म्हणजे मध्ये फट ठेवून उभ्या पिना. दोन बोर्ड आत राहिला की ऑइलवरून सरळ घसरत वॉशआउट, म्हणजे हेडपिनसकट लांब लांबच्या पिना उभ्या. लाइन, वेग, सगळं करून झालं. मग ड्रिलिंगला (बोटांच्या भोकांना) हात न लावता फक्त पृष्ठभाग बदलायचं ठरवलं.

स्पिनरवर (बॉल फिरवणाऱ्या यंत्रावर) ओले अ‍ॅब्रालॉन, म्हणजे घासायचे पॅड: आधी ५००, मग १०००, शेवटी २०००. आकडा म्हणजे ग्रिट; जितका मोठा, तितकं घासणं बारीक. प्रत्येक ग्रिटला बॉल फिरवून चार बाजू, दाब सारखा, आणि पुढचा पॅड घेण्याआधी बॉल स्वच्छ पुसायचा. पॉलिश असेपर्यंत ५०० चा पॅड नुसता सरकत राहतो. ते निघालं की हाताला एकदम पकड जाणवते आणि बॉलवरून ओघळणारं पाणी नीळ कालवल्यासारखं होतं. पॅड नवा हवा हं; झिजलेला ५०० हा नावालाच ५००.

फरक पहिल्याच गेममध्ये दिसला. ऑइल साधारण ४० फुटांपर्यंत, हेडपिन ६० फुटांवर. पूर्वी ऑइल संपताच बॉल कोपरा करायचा, आता आधीपासूनच लेन धरतो आणि कमान काढत पॉकेटकडे (हेडपिन आणि तिच्या शेजारच्या पिनमधल्या जागेकडे) येतो. बाहेर चुकला तरी उडी मारत नाही.

पण फुकट काही मिळत नाही. खरखरीत बॉल ऑइलमध्येच दम खर्च करतो. तिसऱ्या गेमला लेन कोरडी पडली की पिनांपर्यंत पोचेस्तोवर त्यात जीव उरत नाही आणि दहा नंबरची (मागच्या उजव्या कोपऱ्यातली) पिन उभी. तिच्या पुढची सहा नंबरची पिन तिला न धडकता बाजूच्या गटारात आरामात आडवी पडली, तर कारण हेच. तेव्हा मी पॉलिश असलेला दुसरा बॉल काढतो, कारण यूएसबीसीच्या (अमेरिकेतल्या बॉलिंग संघटनेच्या) नियमाने स्पर्धेचा खेळ सुरू झाल्यावर पॅड लावता येत नाही.

२००० टिकतही नाही. लेनवर घासून ट्रॅकचा (बॉल लेनला टेकतो तिथला) पट्टा पुन्हा चकाकू लागलाय. उजेडात तिरका धरला की बाकीच्या मॅट बॉलवर तो वेगळा उठून दिसतो. दर शॉटनंतर मायक्रोफायबरने ऑइल पुसणं चालूच आहे, आणि आता लीगच्या आदल्या दिवशी २००० चा हलका हात.

पुढच्या खेपेला १००० गाळून ५०० वरून थेट २००० करणार. ५०० चे खोल ओरखडे खाली शिल्लक राहिले, तर ऑइलमध्ये पकडही मिळावी आणि बॅकएंडही (लेनच्या शेवटी घेतलेलं वळण) थोडा तिखट व्हावा.